सव्वा हाताचा गुन्हा

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा समस्त वाचकांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पांढरकवड्याहून मुकुटबनकडे जाणारा डांबरी रस्ता मध्यंतरी दोन महिने आखूड झाला होता. दर आठ किलोमीटरमागे जवळजवळ एक किलोमीटर गायब! बांधकाम खात्याला याची गंधवार्ता नव्हती. पोलिसांत तक्रार गेली नाही. तपास मी स्वतः केला आणि माझ्या तपासात एक निरपराध माणूस दोषी ठरला. खरा गुन्हेगार त्या वेळी बेशरमाच्या झुडपामागे उकिडवा बसला होता. तो कोण, ते ओघात येईलच. तुम्ही आत्तापासूनच कोणावर तरी संशय घ्यायला लागला असाल, तर मला आनंद आहे. माझा अख्खा धंदा संशयावर उभा आहे.

धंदा टायरचा. पांढरकवड्यात हायवेला लागून माझं दुकान आहे. ट्रक येतात, पण माझा जीव रमतो तो ट्रॅक्टरच्या टायरात. ट्रकवाला घाईत असतो, पंक्चर काढून हैदराबादचा रस्ता धरतो. ट्रॅक्टरवाला मात्र बसतो, चहा पितो, टायरवर टिचकी मारून बघतो आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, जणू मी त्याच्या घरातून काहीतरी उचलून आणलंय.

कळंबचे एक गृहस्थ मला कायमचे आठवतात. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात नुसती हवा नसते, पाणीही भरतात. वजन वाढतं, चाक ओल्या रानात जागच्या जागी फिरत नाही. या गृहस्थांच्या टायरात मी पाणी भरून दिलं. आठवड्यानं ते परत आले. म्हणाले, पाणी कमी भरलंस. मी त्यांच्यासमोर टायर उघडला, सगळं पाणी ड्रमांत काढलं, ड्रम ओळीनं मांडले आणि म्हटलं, घ्या, बघा. त्यांनी तीन वेळा ड्रमांभोवती प्रदक्षिणा घातली, एका ड्रममध्ये बोट बुडवलं आणि विचारलं, "पण हे माह्यंच पाणी होय कशावरून?"

अशा माणसांत सत्तावीस वर्षं काढल्यावर मीही संशयी झालो नसतो तरच नवल. गिऱ्हाईक म्हणतं खिळा घुसला, मी बाभळीचा काटा शोधतो. गिऱ्हाईक म्हणतं टायर दोनच वर्षं वापरलाय, मी रबर नखानं खरवडून बघतो. आणि मला या गुणाचा गर्व होता. राजूभाऊला फसवणं कोणाच्या बापाला जमत नाही, असं मी दुकानात मोठ्यानं बोलत असे. आता हळू बोलतो.

तर बंडूभाऊ. मुकुटबनच्या वाटेवरच्या एका गावचे शेतकरी, कापूस आणि तूर. माझे जुने गिऱ्हाईक आणि दोस्त. त्यांच्याकडचे बैल केव्हाच गेले, एक ट्रॅक्टर आहे. त्यांच्या गावात पोळ्याला बैलांच्या रांगेशेजारी ट्रॅक्टरचीही रांग लागते. बोनेटवर झूल, स्टिअरिंगला झेंडूचा हार, सायलेन्सरला बेगड. घरची बाई येऊन इंजिनाला कुंकू लावते, बोनेटवर पुरणपोळी ठेवते, पाया पडते. हसू नका. वर्षभर जो राबतो त्याची पूजा करायची, मग त्याला शेपूट असो वा नसो.

त्या वर्षी पोळ्याच्या तीन दिवस आधी बंडूभाऊ ट्रॅक्टर घेऊन दुकानात आले, तोंड पाडून.

"राजूभाऊ, मोठे टायर पायजे."

"काहून? आहेत ते घासले, पण साइज तर बरोबर आहे की."

"मागच्या पोळ्याले बाजूच्यानं नवा ट्रॅक्टर उभा केलता. त्याच्या बाजूले माहा ट्रॅक्टर बसलेल्या म्हशीवानी दिसे. लोकं हासले."

आता इथे थोडं शास्त्र सांगतो, फार नाही. इंजिन चाकाला फेरे देतं. मिनिटाला किती फेरे, ते गिअर आणि रेस ठरवतात. पण एका फेऱ्यात किती जमीन मागे पडणार, ते टायरचा घेर ठरवतो. बाप आणि लहान लेक हात धरून बाजाराला निघाले, दोघांची पावलं एका तालात पडली, तरी लेक फरफटत मागे राहतो ना? तसंच. टायर मोठा घातला की तेवढ्याच फेऱ्यांत ट्रॅक्टर पुढे जातो, म्हणजे वेग वाढतो. त्याची किंमतही द्यावी लागते: ओढायची ताकद कमी होते आणि ब्रेकला जास्त कष्ट पडतात.

हे सगळं मला पाठ आहे. गिऱ्हाइकाला न विचारता ऐकवतो. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला एकानं फक्त मागचे टायर मोठे घातले, तर पुढची चाकं फरफटून त्यांचं रबर खोडरबरासारखं उडालं. त्या माणसाला मी पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. बंडूभाऊंना दिलं नाही. पोळा तोंडावर, दुकानात गर्दी, आणि बंडूभाऊंना ऐकायचं होतं एकच, की ट्रॅक्टर किती उंच होणार. मी म्हटलं, चार बोटं. ते लग्नातल्यासारखे हसले. मी रिमा बदलल्या, मोठे टायर चढवले. जुने घासलेले टायर ते घरी घेऊन गेले. शेवटी फडकं घेऊन मी ट्रॅक्टरचं घड्याळही, म्हणजे वेगाचं मीटरही, पुसून दिलं, आणि त्या काचेवरची लाल रेघ मला अगदी स्वच्छ दिसली. हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या जिवाला ते फार लागतं.

ती रेघ माझीच होती. त्याआधी चार वर्षं बंडूभाऊंच्या ट्रॉलीतून कापूस वेचणाऱ्या बाया शेतातून परतत होत्या. ट्रॉलीत माणसं बसवू नयेत हे कायद्याला ठाऊक आहे, बंडूभाऊंनाही ठाऊक आहे. पण शेत गावापासून बारा किलोमीटर आणि तिकडे एसटी जात नाही. त्या वेळच्या ड्रायव्हरनं वळणावर जोरात हाणली, ट्रॉली कलंडली आणि टोळीची मुकादम शेवंताबाई हिचा हात मोडला. बाकीच्या खरचटण्यावर वाचल्या. बंडूभाऊंनी ड्रायव्हर काढला, नवा ठेवला आणि मला म्हणाले, काहीतरी असं कर की वेग वाढला तर दिसलं पाहिजे. मी बायकोची नखाला लावायची लाल बाटली आणली आणि घड्याळाच्या काचेवर पंचविसाच्या आकड्यावर रेघ मारली. टॉप गिअरमध्ये काटा या रेघेपलीकडे गेला, की नोकरी गेली. असा नियम.

नवा ड्रायव्हर म्हणजे मारोती. जवळच्याच पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. चार कापसाचे हंगाम त्यानं काटा रेघेवर धरला. लोक देवाकडे बघतात तसा तो त्या रेघेकडे बघायचा. शेवंताबाई म्हणायची, "मारोतीच्या ट्रॉलीत पाण्याचा गुंड ठेवला तरी सांडत नाही."

पोळा झाला. बंडूभाऊंचा ट्रॅक्टर रांगेत चार बोटं उंच उभा राहिला आणि बंडूभाऊ वीतभर. मग वेचणी सुरू झाली आणि कुरबुर सुरू झाली.

आधी शेवंताबाईनं तोंड उघडलं. "भाऊ, मारोती जोरात हाकून राह्यला. पोटातलं पाणी हालते."

मग बंडूभाऊंनी पाळत ठेवली. कापूस घेऊन जिनिंगच्या गिरणीत जायचं, परत यायचं, या फेरीत मारोती पूर्वीपेक्षा सतरा-अठरा मिनिटं लवकर घरी येत होता. बंडूभाऊ माझ्या दुकानात येऊन बसले, तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला आणि आवाज खाली आणला.

"राजूभाऊ, माणूस घाई कायले करते?"

"कायले?"

"त्याले कुठंतरी जायचं असते म्हणून."

"पण तो तर लवकर तुमच्याच घरी येते."

"हेच तं! येते अन् निंबाखाली बसते. चेहरा असा करते जसं याले काही माहीतच नाही."

मला हा मुद्दा फार पटला. काही माहीत नसल्यासारखा चेहरा! माझ्या अनुभवात सगळ्यात संशयास्पद चेहरा तोच.

आम्ही दोघांनी मग त्या अठरा मिनिटांवर काय काय रचलं! मारोती पिऊ लागला असावा. मारोतीला बाजूच्या गावात कोणी असावी. दुसऱ्या मालकाशी त्याचं बोलणं चाललं असावं आणि म्हणून तो आमच्या ट्रॅक्टरचं वाटोळं करत असावा. एका माणसाबद्दल दोन मित्र चहावर जितकं वाईट बोलू शकतात तितकं आम्ही बोललो, आणि प्रत्येक चहाला पुरावा वाढत गेला.

त्यातच एक दिवस मारोती स्वतः दुकानात आला. पुढच्या चाकात हवा भरून घेतली, पण जाईना. टोपी काढली, परत घातली.

"राजूभाऊ, एक इचारू का? हासू नका."

"विचार."

"रस्ता आखूड झाला काय हो?"

मी हसलोच. "रस्ता काय शर्ट आहे, धुतल्यावर आटायला?"

"नाही, काटा तं रेघेवरच रायते. अन् मी लवकर पोचतो. मोबाइल बदलून पाह्यला, म्हटलं वेळ चुकीची दाखवत असन. तरी तेच."

टायरवाल्यासमोर माणूस उभा आहे. काटा तोच, रस्ता तोच, वेळ कमी लागतो आणि दोन महिन्यांपूर्वी टायर त्याच टायरवाल्यानं बदललेत. शाळेतलं पोरही उत्तर देईल. पण मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, पकडला जाण्याआधीच सबब पेरून राह्यला! मी त्याच दुपारी बंडूभाऊंना फोन केला आणि म्हटलं, आता सापळा लावायची वेळ आली.

सापळ्याचा आराखडा माझा. मागून मोटारसायकलनं जायचं नाही, मारोती आरशात बघेल आणि हळू करेल. रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडाजवळ बंडूभाऊ लपणार, ट्रॅक्टर समोरून गेला की मला मिस्ड कॉल. पुढच्या दगडाजवळ नाल्याच्या काठी, बेशरमाच्या दाट झुडपामागे मी, मोबाइलवर सेकंद मोजत. पंचविसाच्या वेगानं एक किलोमीटरला दोन मिनिटं चोवीस सेकंद लागायला हवेत. हे मी तळहातावर पेनानं लिहून ठेवलं होतं.

साडेचारचा सुमार. फोन वाजून बंद झाला. मी सेकंद मोजत बसलो. डास चावत होते, तरी हललो नाही. ट्रॅक्टर दगडाशी आला तेव्हा मोबाइल म्हणाला, दोन मिनिटं सात सेकंद. म्हणजे अठ्ठावीसच्या वर! मी झुडपातून हात उंचावून असा बाहेर आलो, की ट्रॉलीतल्या दोन बाया किंचाळल्या.

मारोतीनं ट्रॅक्टर थांबवला. मागून बंडूभाऊ आपल्या मोटारसायकलवर धडधडत आले. कापसाच्या गाठोड्यांवर बसलेल्या दहा-बारा बाया, समोर मारोती, आणि मधोमध मी. अशी सभा मला आयुष्यात पुन्हा मिळायची नाही. मी मोबाइल सगळ्यांना दाखवला. निकाल वाचल्यासारखा म्हणालो, "दोन मिनिटं सात सेकंद. वेग अठ्ठावीस."

"काटा रेघेवरच होता, भाऊ," मारोती बंडूभाऊंना म्हणाला.

"मंग राजूभाऊ खोटा बोलते का?"

मारोतीनं माझ्याकडे पाहिलं. "राजूभाऊ, रेघ तुमीच मारली न?"

"हो. मीच."

"मंग?"

त्या एका शब्दात सगळं उत्तर होतं. मला वाटलं, उलटून बोलतोय. बंडूभाऊंनी हात पुढे केला. मारोतीनं चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. खाली उतरण्याआधी त्यानं दुपट्ट्यानं घड्याळाची काच पुसली, अगदी मी पुसली होती तशीच, डबा उचलला आणि पोडाच्या दिशेनं चालू लागला. पोड तिथून सहा किलोमीटर. शेवंताबाई आपला मोडून जुळलेला हात चोळत बसली होती.

बंडूभाऊंनी आपली मोटारसायकल नाल्यावर ठेवली आणि ट्रॅक्टर स्वतः हाकायला घेतला. मी माझ्या मोटारसायकलवर मागे, विजयी सेनापतीसारखा. दोनच मिनिटं झाली असतील, ट्रॉलीतून शेवंताबाई ओरडली, "भाऊ, हळू! तुमीबी तसंच करून राह्यले!"

बंडूभाऊ मान न वळवता ओरडले, "काटा रेघेवरच आहे, बाई!"

शब्द तेच. मारोतीचेच. मी सहज माझ्या मोटारसायकलच्या मीटरकडे पाहिलं. अठ्ठावीस. (माझ्या गाडीचे टायर कंपनीनं दिलेल्या मापाचेच होते, हे नमूद करतो. तुम्ही एव्हाना माझ्यासारखे झाला असाल.) मग मी समोर पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे ते मोठे, काळेभोर, खोल नक्षीचे टायर शांतपणे फिरत होते. मीच चढवलेले. त्या घड्याळाचा काटा चाकाकडून खबर आणत नाही, इंजिनाकडून आणतो. इंजिन तेवढंच फिरत होतं. खाली चाक बदललंय, हे काट्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं.

आता खरं ते लिहितो. गाव येईपर्यंत तीन किलोमीटर होते आणि त्यातले दोन मी गप्प राहायचं ठरवलं होतं. कोणाला कळणार होतं? मीटर बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. मारोतीला चार दिवसांनी परत बोलावता आलं असतं, माझं नाव न येता. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या सबबी पकडणाऱ्या माणसाला सबबी किती पटकन सुचतात, ते त्या दिवशी कळलं. तिसऱ्या किलोमीटरला मात्र मारोतीचं "मंग?" पुन्हा ऐकू आलं.

बंडूभाऊंच्या अंगणात शिरलो तर जुना टायर निंबाखाली पडलेला, त्यात कुत्रं झोपलेलं. मी कुत्र्याला उठवलं. ट्रॉलीची दोरी सोडली. "शेवंताबाई, हे टोक धरा." जुन्या टायरभोवती दोरी गुंडाळून जिथे टेकली तिथे गाठ मारली. मग तीच दोरी ट्रॅक्टरच्या नव्या टायरभोवती नेली. गाठ दोरीच्या टोकापर्यंत पोचली नाही. गाठीपासून टोकापर्यंत उघडा टायर राहिला, तो शेवंताबाईनं हातानं मोजला.

"सव्वा हात," ती म्हणाली.

"प्रत्येक फेऱ्याला सव्वा हात जास्त," मी म्हणालो. "मारोती रेघेवरच होता. रेघच चुकीच्या जागी आहे. टायर बदलले तेव्हा ती मी खाली आणायला पाहिजे होती. चूक माझी आहे."

बंडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग दोरीकडे, मग ट्रॅक्टरच्या उंचीकडे, जी त्यांनी स्वतः मागून घेतली होती. मग ते पुन्हा सीटवर चढले. शेवंताबाई ट्रॉलीतल्या बायांना म्हणाली, "उतरू नोका. आपल्या तोंडानं गेला, आपल्या समोर आला पायजे."

मारोती वाटेतच भेटला, डबा हातात, एका चालीनं चाललेला. ट्रॅक्टर थांबला तरी तो थांबला नाही. मी पुढे जाऊन उभा राहिलो. दोरी दाखवत, अडखळत सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "राजूभाऊ, तुमी टायरातले मोठे माणूस. म्हून मले वाटलं, माह्यंच काही चुकून राह्यलं असन. दोन महिने झोप नाही आली मले."



बंडूभाऊंनी चावी पुढे केली. "बस, मारोती. माह्यं चुकलं."

मारोतीनं चावी घेतली नाही. "आधी रेघ बदला. ह्या सगळ्यांच्या समोर."

बरोबर होतं त्याचं. मी गणित केलं, खऱ्या पंचविसाला काटा बाविसावर हवा. रंगाची बाटली कुठून आणणार? शेवंताबाईनं कंबरेच्या बटव्यातून टिकल्यांचं पाकीट काढलं, एक लाल टिकली माझ्या बोटावर ठेवली. मी जुनी रेघ नखानं खरवडून काढली आणि टिकली बाविसावर चिकटवली. ती टिकली आजही तिथेच आहे. दरवर्षी वेचणी सुरू झाली की मी जाऊन बघून येतो, आणि माझ्याकडे टायर बदलणाऱ्या प्रत्येकाचं घड्याळ आधी बघतो, मग चाक.

मारोती सीटवर बसला. ट्रॅक्टर वळवला, टॉप गिअर टाकला. काटा टिकलीवर आला आणि तिथेच थांबला. मी शेजारून मोटारसायकल चालवत मोठ्यानं ओरडून मीटर वाचत होतो, "पंचवीस! पंचवीस! अजून पंचवीस!" मारोती समोर बघत होता, पाठ ताठ. ट्रॉलीत गाठोडी डुलत होती, कोणाच्या पोटातलं पाणी हलत नव्हतं. बंडूभाऊ मडगार्डवर मान खाली घालून बसले होते. असा गंभीर, न्यायाचा तो प्रसंग चालला असताना शेवंताबाईनं सूर्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि तिच्यानं राहवलं नाही.

"मारोत्या, जरा हाण न बे! पायी गेलो असतो तं एव्हाना भाकरी झाल्या असत्या!"